ते तुझ्या रक्तात नव्हतं, वहिनी

वहिनी, भेटायला येणारे सगळे म्हणतात तू फार हसरी होतीस. दादा मान डोलावतो, मीही डोलावते. पण तू हसरी नव्हतीस. तू नेमकी होतीस. एक्स्पोर्टच्या टॉवेलांच्या गठ्ठ्यावरून हात फिरवत जायचीस आणि मध्येच थांबून म्हणायचीस, "हा बाजूला काढा." उलगडून पाहिलं की किनारीचा एक धागा सुटलेला असायचा. तुझ्याबद्दल गोडगोड बोललेलं तुला चाललं नसतं, आणि तसं बोलायचा मला अधिकारही नाही. तू गेल्याला तीन आठवडे होत आले. तुला सांगायची एक गोष्ट माझ्याकडे दोन वर्षं पडून होती. ती मी सांगितली नाही. तुझ्यामागे दोन माणसांना सांगितली, आणि आता तुला सांगायला बसले आहे. सुरुवातीपासून सांगते. मधूनच सांगितलं तर मी मला सोयीचं तेवढंच सांगेन.

तू लग्न होऊन सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये आलीस तेव्हा मी एम.एस्सी. करत होते. दोन खोल्यांत तुम्ही दोघं आणि आई, आणि बांबूचे पडदे सोडून बंद केलेला व्हरांडा माझा. तुझे वडील सोलापूरहून पानिपतला विणकामाचे मास्तर म्हणून गेलेले. तू तिथंच हातमागांच्या आवाजात वाढलीस. तुझं मराठी सोलापूरचं आणि हिंदी थेट पानिपतचं. तू भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागलीस की आई आत निघून जायची. मला मात्र तू पहिल्याच महिन्यात सांगून टाकलंस, "अंजू, मला वहिनी म्हण, पण अहो-जाहो नको यार. तुझ्याहून चार वर्षांनीच मोठी आहे मी."

कौस्तुभ झाला, आणि पहिल्या महिन्यापासूनच त्याच्या लंगोटात रक्ताचे बारीक ठिपके दिसायला लागले. मग गालांवर आणि कोपरांच्या आत इसब. मग कान वाहू लागले, एक बरा झाला की दुसरा. कुणी म्हणायचं दूध पचत नाही, कुणी म्हणायचं ॲलर्जी. चालायला लागल्यावर त्याच्या नडग्या कायम निळ्या असायच्या. बसमधल्या बायका आधी त्याचे पाय बघायच्या आणि मग तुझ्याकडे बघायच्या. तू एकदा एकीला ऐकवलंसही, "मैं नहीं मारती इसे." घरी येऊन मात्र कितीतरी वेळ चप्पल न काढता बसून राहिलीस.

दोन वर्षांनी सरकारी रुग्णालयातल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याच्या रक्ताची काच स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिली. प्लेटलेट कमी आहेत हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. त्या किती छोट्या आहेत हे त्यांनी पाहिलं. आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं, आणि तू तो कागद मला दिलास. घरात शिकलेली मी होते. मी पीएच.डी.ला लागले होते आणि माझ्या संस्थेच्या ग्रंथालयात परदेशातली नियतकालिकं यायची. त्याच सुमारास या आजाराचं जनुक सापडल्याचं छापून आलं होतं. मी ते झेरॉक्स करून आणलं. खरं सांगते वहिनी, आणताना मला आनंद झाला होता. ज्याचं नावही कुणाला येत नव्हतं त्याचं उत्तर माझ्या पिशवीत होतं.

त्या संध्याकाळी तू कणीक मळत होतीस आणि मी तुला समजावत होते. पेशीला हाडं नसतात, पण तिच्या आत बारीक दोऱ्यांचा सांगाडा असतो. तो सारखा बांधला जातो आणि सारखा मोडला जातो. पेशीला पुढं सरकायचं असेल तर पुढच्या कडेला नवे दोरे फुटतात, मागचे विरघळतात.

"आणि कुठं फुटायचं हे कोण ठरवतं?" तू विचारलंस.

"प्रथिनांचं एक कुटुंब आहे. दोऱ्याला फांदी कुठं फोडायची हे ती सांगतात. त्यातलं एक फक्त रक्ताच्या पेशींत असतं. त्याला वास्प म्हणतात. म्हणजे गांधीलमाशी."

"गांधील काय?"

"ततैया."

"मग ततैया म्हण ना. त्याचं काय?"

"कौस्तुभमध्ये ते बनतच नाही. म्हणून त्याच्या पांढऱ्या पेशींना जंतूपर्यंत सरकत जाता येत नाही. प्लेटलेट नीट घडत नाहीत, टिकत नाहीत."

"आणि कुटुंबातली बाकीची?"

"ती ठीक आहेत. म्हणून तर तो पोटात नीट वाढला. बाळ घडताना पेशींना इकडून तिकडे जावं लागतं, एकमेकींना धरावं लागतं. हृदय, मेंदू, हातपाय, सगळं त्यातून होतं. ते काम बाकीची करतात. त्यांच्यात मोठा बिघाड झाला तर बाळ जन्मालाच येत नाही."

तू कणकेवर ओलं फडकं टाकलंस. "म्हणजे जेवढं बिघडूनही जगता येतं तेवढंच याचं बिघडलंय," म्हणालीस.

नंतर वीस ठिकाणी मी हा विषय शिकवला. इतक्या कमी शब्दांत तो मला कधीच सांगता आला नाही.

पण त्याच आठवड्यात मी दुसरी गोष्टही समजावली. डॉक्टरीणबाईंनी विचारून यायला सांगितलं होतं की आईच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेला होता का. तुझी आई, आमच्या पानिपतच्या काकू, तेव्हा तुझ्या मदतीला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझा भाऊ गेला होता सोलापुरात. चार वर्षांचा होता. अंगावर लाल ठिपके आले होते, तेवढं आठवतं."

मी पेन घेतलं आणि झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढली. पुरुषांचे चौकोन, बायकांचे गोल. तुझ्या त्या मामाचा चौकोन काळा केला. कौस्तुभचा काळा केला. मग काकूंचा गोल अर्धा काळा केला, आणि तुझा अर्धा काळा केला.

"हे अर्धं काळं काय?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे तुम्हाला स्वतःला त्रास नाही काकू, पण दोष तुमच्यात आहे. तुमच्याकडून वहिनीकडे आला आणि वहिनीकडून कौस्तुभकडे. मुलग्यांना हा आईकडूनच येतो."

मी हे एखाद्या परीक्षेतलं उत्तर दिल्यासारखं म्हटलं. दाराशी उभी असलेली माझी आई म्हणाली, "आमच्याकडे नाही बाई असलं कुणाला." ती टोचून बोलली नाही. सुटल्यासारखी बोलली, आणि ते जास्त वाईट होतं. काकू दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं पानिपतला गेल्या. त्या महिनाभर राहायला आल्या होत्या.

ज्या पुस्तकातून मी हे शिकले होते त्यात पुढची ओळ होती. काही घरांत हा बदल त्या मुलातच पहिल्यांदा घडतो, आईत तो नसतो. मी ती ओळ वाचली होती. पण आमच्याकडे मामा होता ना. मामा सापडल्यावर मला त्या ओळीची गरज लागली नाही.

आणि तुला तेव्हा दुसरा महिना होता.

वहिनी, आपल्यात जे भांडण कधी नीट झालंच नाही ते याचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की एकच खरा उपाय आहे, बोन मॅरो बदलणं, आणि तो सख्ख्या भावंडाचा जुळला तर फार बरं. दक्षिणेत एका ठिकाणी ते करतात. तू ते धरून बसली होतीस. "हे बाळ त्याला देऊ शकेल ना?"

"जुळलं तर. आणि हे स्वतः चांगलं निघालं तर."

"नसेल निघालं तर?"

"मुलगा असेल तर निम्मी शक्यता आहे. पोटात असताना तपासायची सोय आपल्याकडे नाही. दोघं आजारी असतील तर तू काय करशील वहिनी?"

शेजारच्या बाईंनी सुचवलं होतं की थोडं थांबा, मुलगा की मुलगी ते कळेल, मग ठरवा. गल्लोगल्ली तशी मशीनं आली होती. तू म्हणालीस, "वाट बघायची आणि मग मारायचं? ते मला जमणार नाही. काय ते आत्ताच." दादा खिडकीत उभा होता. तो म्हणाला, "अंजूला यातलं कळतं. ती म्हणेल तसं करू." आणि तू माझ्याकडे वळलीस. "तू माझ्या जागी असतीस तर?"

मी सव्वीस वर्षांची होते. लग्न झालेलं नव्हतं. मी म्हटलं, "मी नसतं ठेवलं."

नर्सिंग होमला मीच तुझ्याबरोबर आले. परत येताना ऑटोत तू पूर्ण वेळ माझा हात धरला होतास. मार्केटपाशी म्हणालीस, "थांबव, दुधी घेऊ, कौस्तुभला तेवढंच पचतं." तू उतरून उभी राहिलीस आणि दुधी निवडलास, नख लावून, नेहमीसारखा.

पुढची तीन वर्षं तू कौस्तुभला पडू दिलं नाहीस. पानिपतहून ब्लँकेटांची कापलेली टोकं आणलीस आणि टेबलाचे पाय, पलंगाचे कोपरे, दारांच्या चौकटी, सगळं गुंडाळून टाकलंस. घरभर जाड सतरंज्या अंथरल्यास. येणारे हसायचे. त्याला प्लेटलेट लागल्या की दादा कॅन्टोन्मेंटमधल्या मराठी पलटणीला फोन करायचा आणि सातारा-सांगलीकडचे दोघं-तिघं जवान रक्तपेढीत येऊन उभे राहायचे. त्यातला एक हवालदार कौस्तुभला दर वेळी सॅल्यूट करायचा आणि कौस्तुभ सलाईनचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं उलटा सॅल्यूट ठोकायचा. बालवाडीत त्याचं नाव कुणाला घेता यायचं नाही. बाई त्याला कौस्तव म्हणायच्या. तो मला म्हणायचा, "आत्या, मॅमला भ येत नाही."

तू सगळे कोपरे बांधलेस, आणि तो गेला तापानं. छातीत कफ झाला, चार दिवसांत पसरला. पाचवा वाढदिवस होऊन दीड महिना झाला होता. जंतू कुठं आहेत हे त्याच्या शरीराला कळत होतं आणि तिथवर पोचता येत नव्हतं. आजाराचं वर्णन म्हणून हे वाक्य मी कितीदा तरी फळ्यावर लिहिलं आहे. तुझ्या मांडीवर त्याचा श्वास मोजताना मला ते आठवू नये असं वाटत होतं, आणि तेच आठवत होतं.

काकू आल्या. दारातल्या पायरीवरच बसल्या. तू त्यांना आत बोलावलंस. त्या म्हणाल्या, "मी इथंच बरी आहे." दुपारच्या गाडीनं परत गेल्या.

त्यानंतर तुम्ही नोएडाला गेलात. तू एक्स्पोर्ट हाऊसमध्ये नोकरी धरली होतीस. परदेशातल्या दुकानांच्या मागण्या अचानक वाढल्या होत्या आणि धाग्याची जाण असलेलं माणूस त्यांना हवंच होतं. चारपाच वर्षांत तू क्वालिटीची हेड झालीस. फ्लॅट बघायला मी बरोबर होते. सगळीकडे नुसती मोकळी माती आणि क्रेन, आणि प्रत्येक बिल्डरच्या फलकावर तेच चित्र: आई, वडील, एक मुलगा, एक मुलगी, हिरवळ. तू विचारलंस की दोन बेडरूमचा नाही का. एजंट म्हणाला, "मॅडम, तीन वाला लीजिए. बच्चे बड़े होंगे तो..."

"बच्चे नहीं हैं," तू म्हणालीस. "किचन दिखाइए."

दर पंधरा दिवसांनी तू कंपनीच्या गाडीतून पानिपतला माल तपासायला जायचीस. काकूंचं घर त्या रस्त्यावरच. तू जायचीस तेव्हा त्या चहा करायच्या, समोर ठेवायच्या आणि आत काहीतरी काम काढायच्या. तू मला एकदा सांगितलंस, "आई माझ्याकडे बघतच नाही अंजू. मी तिच्यावर कधी रागावले नाही गं. तिनं काय मुद्दाम दिलं का मला?" मी ऐकून घेतलं. मी म्हटलं, "वय झालंय त्यांचं."

माझं संशोधन त्याच प्रथिनांवर चालू राहिलं. मी ती कुणासाठी निवडली हे तुला माहीत होतं आणि आपण त्यावर बोललो नाही. कौस्तुभच्या रक्तातून काढलेला डीएनए मी संस्थेच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला होता. आमच्याकडे तपासायची सोय झाली तेव्हा पहिल्यांदा तोच तपासला. एका अक्षराचा बदल सापडला. मग मी तुला बोलावलं. आईचा नमुना जुळवून दाखवला की लेख पूर्ण होणार होता. तुझ्यात तो असणार याची मला इतकी खात्री होती की ते मला नुसतं टिकमार्क करण्याचं काम वाटत होतं.

तू ऑफिसातून अर्धा दिवस काढून आलीस. संमतीपत्र पूर्ण वाचलंस, आणि ते पूर्ण वाचणारी मी पाहिलेली तू एकटीच. शेवटी प्रश्न होता: निकाल तुम्हाला कळवावा का? तू 'हो'वर खूण केलीस.

"कशाला वहिनी? माहीतच आहे आपल्याला."

"माहीत आहे, पण लिहिलेलं कुठं आहे? एकदा लिहिलेलं बघते."

तुझ्यात तो बदल नव्हता.

मला वाटलं नळ्या बदलल्या. मी तुला फोन केला, म्हटलं नमुना खराब झाला, परत ये. तू आलीस, दुसरा हात पुढं केलास. मी स्वतः रक्त काढलं, स्वतः नाव लिहिलं, स्वतः सगळं केलं. दोन्ही वेळा तेच आलं. हा दोष ज्यावर असतो ती तुझी दोन्ही एक्स गुणसूत्रं स्वच्छ होती. तो बदल कौस्तुभपासूनच सुरू झाला होता. तो तुझ्या आईकडून आला नव्हता, तुझ्या रक्तातही नव्हता. तुझ्या पोटात नंतर जे बाळ होतं ते जवळजवळ नक्की निरोगी होतं. मुलगा असता तरी. त्याचा मॅरो जुळला असता की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. मी ते मनात अनेकदा जुळवून पाहिलं आहे.

'जवळजवळ नक्की' या शब्दांमागं मी दोन वर्षं लपले. शास्त्राप्रमाणं एक बारीक शक्यता उरते, की दोष सगळ्या शरीरात नसला तरी काही बीजांडांत असेल. मी स्वतःला म्हणायचे, शंभर टक्के नाही ना, मग कशाला सांगायचं? त्याआधी सहा महिने तुझं गर्भाशय काढलं होतं. मी म्हणायचे, आता कळून तिच्या हाती काय लागणार? अशी कारणं माझ्याकडे भरपूर होती. खरं कारण एकच होतं, की मला तुझ्यासमोर बसून ते म्हणायचं नव्हतं.

तुझा फोन आला. "आलं का गं?"

"नाही, मशीन बंद आहे."

महिन्यानं परत. "आलं?"

"वहिनी, रांग खूप आहे."

तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस. मला बरं वाटलं. लेख मी छापलाच नाही.

या उन्हाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं आणि निदान होईपर्यंत कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. हॉस्पिटलच्या खिडकीतून मेट्रोचे नवे खांब दिसायचे, डोक्यावर सळया बाहेर आलेले. तू ते मोजायचीस. एका दुपारी तू विचारलंस, "हे पसरतं म्हणजे काय होतं नक्की?"

"पेशी मूळ जागेवरून सुटतात. सरकत दुसरीकडे जातात."

"तुझ्याच त्या दोऱ्यांवर?"

"हो. त्याच कुटुंबातली प्रथिनं असतात. बाळ घडवताना वापरलेलीच."

तू छताकडे पाहिलंस. "कौस्तुभच्या पेशींना चालता आलं नाही," म्हणालीस, "आणि ह्यांना बघ."

मी तुझे पाय चेपत राहिले. मग तू अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "अंजू, नमुना खराब झाला नव्हता ना?"

मी तुझ्या पायांवरची चादर नीट केली.

"मीही क्वालिटीच बघते गं. दोनदा घेतलंस, आणि नंतर फोनवर अडखळायला लागलीस. मी समजले. आलंच होतं ना माझ्यात? तुला सांगवलं नाही."

"वहिनी, तसं नाही..."

"राहू दे." तू माझ्या हातावर थोपटलंस. माझ्या. "तू त्याच्यासाठी जन्म घातलास. मी का तुझ्यावर चिडेन? मी फक्त एवढंच म्हणते, लिहिलेलं दाखवलं असतंस तर बरं झालं असतं. मग माणूस थांबतं विचार करायचं."

तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली. ती गेली तेव्हा तू डोळे मिटले होतेस. मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी तू बोलण्याच्या स्थितीत नव्हतीस आणि चौथ्या दिवशी तू गेलीस. माझ्या गप्प बसण्यातून तू जे समजलीस ते घेऊन गेलीस, आणि ते खोटं होतं.

तेराव्यानंतर पाहुणे गेल्यावर मी दादाला सांगितलं. रिपोर्ट बरोबर नेला होता. त्यानं चष्मा लावून तो दोनदा वाचला, आयुष्यभर फायली वाचल्यात तसा. एका शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला.

"म्हणजे ते दुसरं..." तो म्हणाला.

"हो."

"तिला सांगितलंस?"

"नाही."

त्यानं कागद घडी घालून मला परत दिला. "मग मला कशाला सांगतेस?" म्हणाला. तेव्हापासून मी फोन केला तर तो उचलतो. जेवलो म्हणतो, ठीक आहे म्हणतो, ठेवतो. दार बंद केलेलं नाही. माझी काही तक्रार नाही.

मग काल मी पानिपतला गेले. काकू अजून त्याच घरात आहेत, तुझ्या भावाकडे. शेजारच्या शेडमध्ये आता यंत्रमाग आहेत, बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. तुझ्या आजारपणात त्या एकदाच आल्या होत्या आणि दोन तासांत निघाल्या होत्या. तुला वाईट वाटलं होतं, मला राग आला होता. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. आकृती, गोल, रिपोर्ट, दोन वर्षं. ओरडून सांगावं लागलं, वहिनी. 'दोष नव्हता' हे मला दोनदा ओरडावं लागलं.

त्यांनी विचारलं, "मग माझा भाऊ कशानं गेला?"

"माहीत नाही काकू. तेव्हा मुलं नुसत्या तापानंही जायची."

"सुरेखाला कळलं होतं?"

"नाही. मी सांगितलं नाही."

"मी तिच्याजवळ राहायला येत नव्हते," त्या म्हणाल्या. "मीच तिला ते दिलं, आणि मीच तिच्या डोक्यावरून हात कसा फिरवू? शेवटी हॉस्पिटलात ती म्हणाली, आई थांब ना दोन दिवस. मी म्हटलं घरी काम आहे. काय काम होतं मला? काही नव्हतं."

त्या रडल्या नाहीत. मी रडले तर मला थांबवलंही नाही. आत जाऊन नातवाच्या वहीतला एक कागद फाडून आणला आणि माझ्यापुढं ठेवला. "हे इंग्रजी मला वाचता येत नाही. मराठीत लिही. मोठं लिही, मला दिसत नाही."

मी लिहिलं: सुरेखामध्ये दोष नव्हता.

"तिच्या आईतही, असं लिही."

मी लिहिलं: तिच्या आईकडूनही काही आलं नव्हतं.

"आता खाली नाव घाल तुझं. शिकलीस ते पण घाल, म्हणजे कुणी वाचलं तर त्याला पटेल."

मी नाव घातलं, पदवी घातली, सही केली. तारीख टाकली आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांपाशी नेला, बोट एकेका अक्षराखालून सरकवत शेवटपर्यंत वाचला आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"ही आजची आहे," त्या म्हणाल्या. "तुला कळलं त्या दिवसाची घाल."

मी ती तारीख खोडली आणि दोन वर्षांपूर्वीची घातली.